लॅमिंग्टन रोडवरील जामीनकी

ज्या माणसाची सारी हयात दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांना कात्री लावण्यात गेली, त्याला स्वतःच्या प्रवासात निसर्ग दिसत नाही, दर दिसतात. खंडाळ्याच्या घाटात गाडी शिरली आणि डब्यातील रसिक मंडळी दरीकडील खिडक्यांवर लोटली, की माझ्या मनात पहिला विचार येतो तो, एवढे अंतर किलोमीटरमागे काय दराने पडले, हाच. जिल्हा परिषदेच्या लेखाशाखेतून सेवानिवृत्त झाल्यावर हा विकार कमी होईल अशी वैद्यांची नव्हे, तरी घरच्यांची अटकळ होती. ती खोटी ठरली. आणि नेमक्या याच विकाराच्या लौकिकामुळे, माझ्या भाच्याने स्वहस्ते जुळवावयाच्या खेळाच्या कॉम्प्युटरचे सुटे भाग मुंबईहून आणण्याचा प्रसंग उद्भवला तेव्हा, "दादा, तू बरोबर असलास म्हणजे मला घोर नाही," असे म्हणून धाकट्या बहिणीने पंचावन्न हजारांची तसलमात माझ्या स्वाधीन केली.

भाच्याने केलेले अंदाजपत्रक मी दक्खनच्या राणीत तपासावयास घेतले. ही गाडी १ जून १९३० पासून धावते आहे व तिच्या भोजनयानातील चीज-टोस्टची कीर्ती मोठी आहे. त्याचा दर पाहून मी घरून नेलेला डबा सोडला. अंदाजपत्रक मात्र वाचनीय होते. या जमातीतला रिवाज असा की एकूण रकमेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक, प्रसंगी निम्मा वाटा एकट्या ग्राफिक कार्डाच्या पदरात घालावयाचा आणि उरलेल्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस व कॅबिनेट यांनी गुण्यागोविंदाने नांदावयाचे. ग्राफिक कार्ड आरएक्स ६६००, प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअरचा. "याहून नवा का नाही?" असे मी विचारताच त्या मुलाने, घरी ज्याच्याकडून दिवसाकाठी चार शब्द काढणे दुरापास्त त्याने, लोणावळ्यापासून कर्जतपर्यंत अखंड प्रवचन केले. सारांश एवढाच की नव्या एएम५ जातीच्या बोर्डाला डीडीआर५ रॅमच लागते, डीडीआर४ तिच्या खाचेत बसतसुद्धा नाही, आणि डीडीआर५ चा भाव सध्या सामान्य गृहस्थाने उच्चारू नये असा आहे. तेव्हा जुन्या एएम४ घराण्याशीच सोयरीक करणे शहाणपणाचे.

दादरला उतरून पश्चिमेची धीमी लोकल धरावी लागते, कारण जलद गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत. तेथून पाच-सात मिनिटांच्या चालीवर तो रस्ता आहे, जो कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असून तोंडोतोंडी अद्याप लॅमिंग्टन रोडच आहे. हे लॅमिंग्टनसाहेब १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते, आणि पुढे १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या त्या वेळी तेही जखमी झाले, ही माहिती मी भाच्यास दिली. ज्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ चालला ते मिनर्व्हाही याच रस्त्यावरचे, हेही सांगितले. त्याने "हं" म्हटले. स्थलदर्शन येथे संपले.

खरेदीस आरंभ करताच माझा नियम आडवा आला. तीन दरपत्रके घेतल्यावाचून मी आयुष्यात टाचणीसुद्धा मंजूर केलेली नाही, व ज्या रस्त्यावर खांद्याला खांदा लावून शेकडो दुकाने उभी आहेत तेथे हा नियम पाळणे म्हणजे केवळ आनंद, अशी माझी समजूत होती. परंतु रॅमचा भाव विचारताच प्रत्येक दुकानदार प्रथम माझ्याकडे, मग मोबाईलकडे पाही आणि "आत्ताचा भाव सांगू?" असे विचारी. आत्ताचा! सोन्याचा भाव सकाळी निघाला की निदान संध्याकाळपर्यंत टिकावा अशी अपेक्षा असते. येथे तिसरे दरपत्रक हाती येईतो पहिल्याची मुदत संपलेली होती. कारण विचारता असे कळले की जगातली बहुतेक सारी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या करतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड डेटा सेंटरांनी त्यांचा माल आगाऊच उचलल्यामुळे किरकोळ गिऱ्हाइकाच्या वाट्याला उष्टे-खरकटे राहिले आहे. मायक्रॉनने तर २०२५ च्या डिसेंबरात 'क्रुशल' या नावाने चालणारा आपला किरकोळ धंदाच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. पलीकडच्या खंडातील कोणी श्रीमंत यंत्र निबंध लिहावयास शिकते आहे, आणि त्यापायी ग्रँट रोडला माझ्या भाच्याच्या सोळा जीबींची किंमत चढते आहे! पूर्वी इतक्या दूरच्या कारणासाठी निदान युद्ध तरी लागत असे.

एसएमपीएसच्या निवडीत मात्र माझा शब्द चालला. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट पडणाऱ्या एसएमपीएसवर '५०० वॉट' असा शिक्का असतो, परंतु तो शिक्का मारणाऱ्याखेरीज त्यावर कोणाचा विश्वास नसतो. आणि हलका माल फुटला तर एकटा जात नाही, कार्ड-बोर्डही बरोबर नेतो. मी दोन हातांत दोन नग घेऊन, मंडईत नारळ घेताना जोखतो तसे जोखले आणि जड निघाला तो पसंत केला. भाच्याने कपाळाला हात लावला, खोक्यावरील मजकूर वाचला, आणि काहीशा निरुपायाने कबूल केले की हाच ८० प्लस ब्रॉन्झ आहे, म्हणजे निम्म्या भाराला सुमारे ८५ टक्के वीज कामी लावतो आणि उरलेली तेवढी उष्णतेत घालवितो. कित्येक खात्यांची कार्यक्षमता याहून कमी असते.

कॅबिनेटांच्या दालनाविषयी न लिहिलेलेच बरे. जो तो पंखा जांभळा, हिरवा, गुलाबी असा पेटत होता. या प्रकाशाने खेळ एका फ्रेमनेही वेगाने धावत नाही, हे भाच्यानेच मला सांगितले, आणि सांगत असता त्याची दृष्टी त्या गुलाबी पंख्यावरून हलत नव्हती. अखेर त्याने दर्शनी जाळी असलेले, दिवे नसलेले, काळे, विधवेसारखे कॅबिनेट आपणहून उचलले आणि वाचलेले पैसे एसएसडीच्या रकान्यात वळते केले. मी काही बोललो नाही. पण असा फेरफार, वरिष्ठाने न सांगता, मी माझ्या संबंध सेवेत फार थोड्या कनिष्ठांस करताना पाहिला होता.

आणि मग अनर्थ झाला. दुकानातच जोडणी करून पाहावी असे ठरले. प्रोसेसर बसला, पंखे फिरले, बोर्डावरील इवलासा दिवा लागला, पडदा काळा. दुकानातल्या पोराने रॅम उपसली, तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर घासला, पुन्हा खोचली, पडदा काळा. केबल बदलली, कार्ड काढून घातले, एसएमपीएसकडे (माझ्या एसएमपीएसकडे!) संशयाने पाहिले, पडदा काळा. शेवटी मालक उठले, खोके उलटेपालटे करून त्यांनी तळाचे चिकटपत्र वाचले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "अंकल, बोर्ड ओके आहे. प्रोसेसर पण ओके आहे. फक्त एकमेकांना ओळखत नाहीत."

वाचकांपैकी ज्यांचे आयुष्य कचेरीबाहेर गेले त्यांच्यासाठी हे प्रकरण उलगडून सांगितले पाहिजे. बोर्डाच्या पोटात बायोस नावाचा एक हुकूमनामा असतो आणि कोणकोणत्या प्रोसेसरांस सेवेत रुजू करून घ्यावयाचे त्यांची नामावली त्यात नमूद असते. आमचा बी४५० वर्गाचा बोर्ड. हा वर्ग बाजारात आला २०१८ मध्ये, आणि हा विशिष्ट नग तेव्हापासून कोणत्या तरी गोदामात सीलबंद समाधी लावून बसला असावा. प्रोसेसर २०२२ चा. साकेट दोघांचे एकच असल्यामुळे तो आसनावर विराजमान झाला खरा, पण हजेरीपटावर नाव नाही! नामावली दुरुस्त करणे सोपे आहे, पेनड्राइव्हवरून नवा बायोस चढविला की झाले. परंतु ती दुरुस्ती करण्यासाठी बोर्ड चालू व्हावा लागतो, आणि बोर्ड चालू होण्यासाठी नामावलीतला प्रोसेसर लागतो. प्रोसेसरावाचून हे काम करणारे एक बटण काही बोर्डांवर असते, पण असे बोर्ड महाग. ते बटण अंदाजपत्रकात "अनावश्यक" असा शेरा मारून वगळण्यात आले होते. अक्षर भाच्याचे.

इतर कोणी या प्रसंगी संतापला असता. मला, खरे सांगतो, माहेरी आल्यासारखे वाटले. जो इसम दर नोव्हेंबरात, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, आपण हयात असल्याचा दाखला देतो आणि समोरचा कारकून त्याच्या तोंडाकडे पाहून "पुरावा?" म्हणतो, त्याला या बोर्डाची भूमिका कळू नये तर कोणाला कळावी? संताप आला तो मालकांच्या पुढील वाक्याचा. "माल उघडला ना, आता परत नाही घेता येणार. जुना प्रोसेसर कुठून मिळाला तर बघा." सदरहू बोर्ड विकताना हा जामीन आणण्याची अट कोणी सांगितली नव्हती.

उन्हातून आम्ही दुकाने पालथी घातली. नवे पाहिजे त्याला नवे मिळत होते. पाव तासापुरते जुने कोणी देईना. कोणी अनामत मागे, कोणी माझ्या वयाकडे पाहून पाणी देई. अखेर एका इमारतीच्या जिन्याखाली, दोन हात रुंदीच्या बोळकांडीत, डोळ्याला भिंग लावून बसलेले एक वृद्ध दुरुस्तीवाले भेटले. आमची कैफियत त्यांनी मान वर न करता ऐकली, म्हणाले, "नव्याची वळख सांगूक जुनोच लागता," आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक रायझन ३ १२०० काढला. २०१७ चा, या घराण्यातल्या पहिल्या पिढीतला.

त्याच्या एका कोपऱ्यावरील पिना वाकल्या होत्या. एएम४ प्रोसेसराच्या पोटाला १३३१ पिना असतात, केसाहून थोड्या जाड. एक जरी आडवी झाली तरी तो खाली बसत नाही, आणि जोर केला तर तुटते. म्हाताऱ्याने खिशातून शिसे संपलेली, अर्ध्या मिलिमीटरची, शाळेतल्या मुलांची पेन्सिल काढली, तिच्या पोकळ टोकात एक पिन अलगद घेतली आणि श्वास रोखून, किंचित, अगदी किंचित उभी केली. मग दुसरी. भाचा मोबाईलचा उजेड धरून होता. जो मुलगा घरी जेवल्यावर स्वतःचे ताट उचलत नाही, त्याच्या हातातला उजेड जरासुद्धा हलत नव्हता. शेवटच्या दोन पिना उरल्या तेव्हा म्हाताऱ्याने भिंग काढले, पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू कर."

माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या हेडक्लार्कांनी रोकडवहीतील एक नोंद अशीच, लेखणी पुढे करून, माझ्या हातून लिहून घेतली होती. चुकली असती तर जाब त्यांना द्यावा लागला असता. त्यांचे नाव मी कित्येक वर्षांत घेतले नव्हते. जिन्याखाली धूळ फार होती, म्हणून डोळे पुसावे लागले, असे मी भाच्यास सांगितले.

पिना उभ्या राहिल्या. वृद्ध गृहस्थ आमच्याबरोबर दुकानापर्यंत आले, त्यांनी जुना प्रोसेसर आसनस्थ केला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. नवा बायोस चढू लागला. "मधीच लाईट गेली तर बोर्ड मेलो," असे त्यांनी सहज सांगितले, आणि त्याच घटकेस दुकानातील छताचा पंखा मंदावला. बसगाड्या आणि वीज ही दोन्ही ज्या एकाच उपक्रमाच्या हाती आहेत, त्या बेस्टची बस मी आयुष्यात वेळेवर आलेली पाहिली नव्हती. विजेच्या बाजूने त्या दिवशी मी पहिल्यांदाच तिची मनोभावे प्रार्थना केली. पंखा मालकांनीच कमी केला होता. नामावली बदलली, जुना उठला, नवा त्याच्या जागी बसला, आणि बोर्डाने त्यास बिनतक्रार रुजू करून घेतले.

त्या गृहस्थांनी दोनशे रुपये घेतले. मी सवयीने पावती मागितली. ते हसले. पावतीवाचून केलेला माझ्या हिशेबातील हा एकमेव खर्च होय.

पाच-दहाची दक्खनची राणी केव्हाच गेली होती. म्हाताऱ्याच्या सूचनेप्रमाणे ग्राफिक कार्ड काढून वेगळ्या खोक्यात भरले, कारण प्रवासातील धक्क्यांनी त्याच्या वजनाखाली बोर्डावरील खाच तुटते. आणि दादरहून शिवनेरीने निघालो. कंडक्टरने कॅबिनेट खाली सामानात टाकावयास सांगितले. भाच्याने ते मांडीवर घेतले आणि पुणे येईतो खाली ठेवले नाही.

यंत्र चालते. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर खेळ सेकंदाला साठ फ्रेमांनी धावतात, आणि माझा एसएमपीएस हूं की चूं करीत नाही. तरी ज्यांना हाच प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी दोन सूचना. रविवारी जाऊ नका, लॅमिंग्टन रोडवरील बहुतेक दुकाने बंद असतात. आणि जुन्या वर्गाचा एएम४ बोर्ड घेत असाल तर पैसे मोजण्यापूर्वी खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' असे चिकटपत्र आहे की नाही ते पाहा. नसेल तर बायोस चढवून पडदा उजळलेला दाखवा, मग बिल करा, असे दुकानदारास स्पष्ट सांगा.