कल्ले बघणाऱ्यांसाठी बायोप्सी

मालवणच्या मासळीबाजारात तुम्ही कल्ला उचलता, लाल आहे का बघता, ‘कालचो मां ह्यो?’ असं विचारून कोळणीचा पारा चढवता आणि मगच भावाला हात घालता. अभिनंदन. टिशू मार्करचं, म्हणजे ऊतीतल्या खुणांचं, अर्धं शास्त्र तुम्हाला येतं. उरलेलं अर्धं मोठ्या आतड्याचं आहे.

आधी बायोप्सीची डबी. कोलोनोस्कोपीत चिमट्याने काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. तो लगोलग फॉर्मालिनमध्ये पडायला हवा, तेही तुकड्याच्या किमान दहापट. ‘सलाईनमध्ये ठेवू, उद्याच्या एसटीने जाईल’ म्हणणारा भेटला तर त्याला बिनबर्फाच्या बांगड्याची आठवण करून द्या. तुकडा कधी काढला, फॉर्मालिनमध्ये कधी घातला, हे लिहून घ्या. बांगड्याला विचारता, मग डबीला विचारायला लाज कसली?

आता चार नावं पाठ करा: एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं. कॅन्सरच्या पेशींच्या केंद्रकात ती तपकिरी रंगली तर ठीक. एखादं गायब असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यातून आलेल्या धोक्याचा संशय. लगेच मुंबईच्या काकांना फोन लावू नका. आधी शेजारच्या निरोगी पेशी रंगल्यात का ते विचारा. त्याही कोऱ्या असतील तर बिघडली ती स्लाइड, घराणं नव्हे. शिवाय एमएलएच1 उतारवयात वारशाशिवायही गायब होतं. तिथे बीआरएएफ हे जनुक तपासतात. त्यात व्ही600ई हा बदल सापडला तर लिंच बहुधा नाहीच. उलटही लक्षात ठेवा: लहानशा पॉलिपवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या गाठीवर, चारही रंग छान आले, म्हणून लिंच नाही असं सिद्ध होत नाही.

पी53, केआय-67 या मार्करांची नावं पानवाल्याकडे फेकायला उत्तम. पॉलिप काढल्यावर पुढची कोलोनोस्कोपी कधी, हे मात्र त्यांच्यावरून ठरत नाही. पॉलिप किती होते, 10 मिलिमीटर किंवा मोठा होता का, सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसला, यावर ठरतं. त्या दिसण्यावरही दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होईलच असं नाही. लिलावात तरी कुठे होतं?

म्हणून तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला गेलात की अहवालासोबत स्लाइड आणि ब्लॉक मागतात. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेणच ते.