कागदपारखी

घरी इंकजेट प्रिंटर आहे, पण जीव फोटोपेक्षा फोटोपेपरवर जास्त, अशा गृहस्थाला कागदपारखी म्हणावे. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी तो बहुधा शिक्षक किंवा ग्रामसेवक असतो. प्रिंटर मुलांच्या शाळेतल्या प्रकल्पांसाठी घेतलेला असतो. मुले पुढे शिकायला बाहेरगावी जातात, प्रिंटर मागे राहतो आणि गल्लीत गृहस्थांचे नाव ‘फोटोवाले सर’ पडते.

फोटोपेपर गावात मिळतो, हिंगोलीत मिळतो. कागदपारखी तो नांदेडहून आणतो. एसटीचे भाडे जितके जास्त तितका कागद चांगला, असा त्याचा अनुभव नसला तरी विश्वास आहे. वजिराबादच्या दुकानात त्याचा पहिला प्रश्न, “जीएसएम किती?” जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ए-४ पान चौरस मीटरचा सोळावा भाग असल्याने १८० जीएसएमचे एक पान सव्वाअकरा ग्रॅम भरते आणि झेरॉक्सचे ८० जीएसएमचे पाच ग्रॅम. हा हिशेब तो दुकानदाराला न विचारता सांगतो. वास्तविक या आकड्यावरून कागद किती भारी आहे एवढेच कळते. फोटो कसा उठेल ते वरच्या लेपावर ठरते.

लेपाची पारख मात्र त्याला खरोखर आहे. हिंगोलीच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, तसा हा नमुन्याच्या पानाचा कोपरा फाडतो. स्वस्त कास्ट-कोटेड कागद सरळ फाटतो आणि कडेला कागदाचे तंतू दिसतात. आरसी, म्हणजे रेझिन-कोटेड कागद फाडला तर कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ओढला जाऊन लोंबतो. मग ओठाला लावलेले बोट पानाच्या दोन्ही बाजूंना टेकवायचे. जिथे किंचित चिकटते ती छपाईची बाजू. परीक्षा अगदी बरोबर आहे. फक्त पानावर बोटाचा ठसा कायमचा राहतो आणि ते पाकीट मुकाट्याने विकत घ्यावे लागते.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा या जातीला सुगी आली. अर्जाला पासपोर्ट आकाराचा फोटो हवा होता. ३५ × ४५ मिलिमीटरचे आठ फोटो ४ × ६ इंची एका कागदावर बसतात, म्हणजे काम दहा मिनिटांचे. पण दारात उभ्या बाईने “सर, कागद कोणताबी असू द्या, फोटो तेवढा देऊन टाका,” म्हणताच सरांनी चष्मा काढला. “ताई, कोणताबी कसा चालेल? पावसाळी हवा आहे. कागद दमट झाला की कडा वळतात, वळलेली कड प्रिंटरच्या हेडला घासते.” हेही खरेच. योजनेची मुदत आधी १५ जुलै होती, ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. कागद ठरायला तेवढा वेळ लागलाच.

गंमत पुढे आहे. एवढ्या पारखीनंतर कागद ट्रेमध्ये जातो आणि संगणकावर कागदाचा प्रकार ‘प्लेन पेपर’ तसाच राहतो. मग प्रिंटर शाई साध्या कागदाच्या हिशेबाने सोडतो. टाकीच्या काही प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते. ती चकचकीत लेपात मुरत नाही, वरच बसते. बोट फिरवले की केस गालावर येतात. यावर कागदपारख्याचे निदान ठरलेले असते: “कागदात दम नाही.” तो २६० जीएसएमचे नवे पाकीट आणतो. ते पुढच्या ट्रेच्या प्रिंटरमध्ये आत वळताना अडकते, ही वेगळी कथा.

याच्यापेक्षा धाडसी एक पोटजात आहे. ती आपला इंकजेटचा कागद खिशात घालून लेसर प्रिंटर असलेल्या कचेरीत जाते. लेसरमध्ये शाईची भुकटी उष्णतेने कागदावर बसवतात. त्या उष्णतेने लेप वितळतो आणि यंत्राच्या रोलरला चिकटतो. अशा माणसाला त्या कचेरीत पुन्हा चहा विचारत नाहीत.

घरात कपाटाचा एक कप्पा कागदांनी भरलेला असतो: ग्लॉसी, मॅट, आरसी, प्रत्येक पाकिटातली दोन-तीन पाने वापरलेली. “अहो, वर्षश्राद्धाच्या आत मामंजींचा फोटो भिंतीवर लागेल का?” असे घरातून विचारले जाते. “अगं, भारी कागद आहे, असातसा वापरायचा नसतो.” वर्षश्राद्ध होते. हार घातलेला फोटो बसस्टँडजवळच्या स्टुडिओतून आलेला असतो.

अर्जाच्या फोटोला १८० जीएसएमचा साधा ग्लॉसी पुरतो. भिंतीवर लावायचा फोटो आरसीवर काढावा, तो काचेला चिकटू नये म्हणून मध्ये थोडी जागा सोडावी, छापण्याआधी सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बदलावा आणि उघडलेले पाकीट पावसाळ्याआधी संपवावे.