पुदिना कुठे फुटतो?

गाझियाबादेत पोटदुखी ही खासगी बाब राहत नाही. मराठी माणूस पोटाचं गाऱ्हाणं ओव्याच्या फक्कीबरोबर घरातल्या घरात गिळून टाकतो. इथे लिफ्टमध्ये कुणी ‘क्या हाल है?’ विचारलं आणि तुम्ही हसायला जरा उशीर केलात, की चौथ्या मजल्यापर्यंत निदान होतं आणि सातव्या मजल्याला औषध. औषध ठरलेलं: ‘भाईसाहब, पुदीना!’

माझ्या दुखण्याला डॉक्टरांनी आयबीएस म्हटलं. आजार मोठा सभ्य. रक्त तपासा, सोनोग्राफी करा, दुर्बीण घाला, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आतडं दिसायला ठणठणीत, फक्त मेंदूशी त्याचं बोलणं बिनसलेलं. मेंदू साधं ‘मीटिंग आहे’ म्हणतो, आतड्याला ‘पळा’ असं ऐकू येतं. निदानासाठी ‘रोम निकष’ नावाचा जागतिक नियमही आहे. त्यानुसार गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखलं पाहिजे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध पाहिजे. नियम रोमच्या नावाचा, अंमलबजावणी वैशाली मेट्रो स्टेशनवर. ब्लू लाइनच्या डब्यात शौचालय नाही. त्यात यमुना बँक आणि इंद्रप्रस्थ या दोन स्टेशनांच्या मध्ये अख्खी यमुना आडवी येते. बाकीचे प्रवासी तिथे मोबाइलमधून मानही वर काढत नाहीत. मी मात्र त्या पुलावर जेवढ्या देवांची नावं घेतली असतील, तेवढी पंढरीच्या वाटेवर कुणी घेतली नसतील.

आहाराचं विचाराल तर मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने या रुग्णांसाठी पथ्य काढलंय. गहू, कांदा, लसूण, राजमा, छोले, दूध काही आठवडे बंद, मग एकेक परत चाखून बघायचं. ही यादी मी समोरच्या आंटीजींना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग कळवळून म्हणाल्या, ‘तो बेटा, खाते क्या हो?’ आणि राजम्याचा डबा परत घेऊन गेल्या. त्याऐवजी संध्याकाळी पुदिन्याची चटणी आली. कांदा-लसूण घातलेली.

त्यानंतर आमच्या दारात पुदिन्याला पूर आला. जलजिऱ्यातून आला, रायत्यातून आला, वाळवून पूड करून आला. खालच्या गोलगप्पेवाल्याचं हिरवं पाणीसुद्धा औषधात गणलं गेलं. त्यातली मिरची आणि चिंच म्हणे फक्त सोबतीला असतात. साताऱ्याहून आईचा फोन आला. ‘ओवा चाव, वर कोमट पाणी पी. पुदिना कसला घेतोस? तो भेळेत घालतात.’ सोसायटीतले चाचाजी तर या विषयात गावाच्या अभिमानानेच उतरले. ‘पुदीन हरा बनाने वाला डाबर अपने कौशांबी में बैठता है। और तुम अंग्रेजी गोली खा रहे हो?’

मला गंमत वाटते ती दुसऱ्याच शेजाऱ्याची. याच शहरात, राजनगरच्या सेक्टर 23 मध्ये, भारतीय फार्माकोपिया आयोग आहे. औषधात काय, किती आणि कितपत शुद्ध असावं याचा देशाचा ग्रंथ तिथे तयार होतो. त्याची पहिली आवृत्ती 1955 मध्ये निघाली. म्हणजे साऱ्या देशाच्या गोळ्यांना शिस्त लावणारं गाव हे, आणि त्याच गावात पुदिन्याचं प्रमाण काय, तर ‘मुट्ठी भर’. कुणाची मूठ, हे विचारायचं नाही.

बरं, पुदिना तरी कुठला? भाजीवाल्याच्या गाडीवरचा बहुधा स्पिअरमिंट. बाराबंकीच्या शेतांत मैलोगणती दिसतो तो मेंथा, त्याचं तेल मेंथॉलसाठी काढतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा पेपरमिंट तिसराच. पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा हा संकर. त्याला रुजणारं बी धरत नाही, म्हणून धुमारे लावूनच वाढवावा लागतो. त्याच्या तेलातलं मेंथॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियमला शिरू देत नाही, आणि कॅल्शियम अडलं की पेटका सुटतो. इथवर सोसायटीचं म्हणणं बरोबरच आहे. अडचण एवढीच, की मेंथॉलला आपपरभाव नाही. वाटेत भेटेल तो स्नायू ते सैल करतं. जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल झाली, की आम्ल वर चढतं आणि छातीत होळी पेटते. म्हणून आयबीएससाठीच्या तेलाच्या कॅप्सूलला जठरात न विरघळणारं आवरण देतात. ती जेवणाआधी, अख्खी, गुपचूप गिळायची. सोबत अँटासिडही घ्यायचं नाही, नाहीतर आवरण वरच्या मजल्यावरच उघडतं. सारी करामत पुदिना कुठे फुटतो याची आहे. आमच्याकडे सगळं लिफ्टमध्येच फुटत असल्यामुळे हे पटवणं कठीण.

हे सगळं चाचाजींना सांगितलं. त्यांनी पाकिटातून एक कॅप्सूल काढली, वास घेतला, ‘है तो पुदीना ही’ असा निकाल दिला आणि शाबीत करण्यासाठी ती कचकन चावली. पुढचा काही वेळ त्यांच्या तोंडून नुसती हवा आत-बाहेर होत होती. मेंथॉल शरीराच्या थंडी ओळखणाऱ्या यंत्रणेलाच चेतवतं. 2021 चं नोबेल मिळालेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांनी ती यंत्रणा स्वतंत्रपणे शोधली, तेव्हा दोघांनीही मेंथॉलच वापरलं होतं. चाचाजींनी तिसरा प्रयोग जून महिन्यात, स्वेटरशिवाय केला. रात्री छातीत जळजळ सुरू झाली ती वेगळीच.

गुण येतो का? 2008 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चार चाचण्यांतल्या 392 रुग्णांचा एकत्र हिशेब आला होता. साधारण अडीच माणसांना तेल दिलं तर एकाला फायदा. आमच्या घराला हे गणित सोयीचं, मी, बायको आणि हाफ तिकिटाचा चिरंजीव. पण 2020 मध्ये नेदरलँड्सच्या 190 रुग्णांच्या चाचणीत मुख्य कसोटीवर ते पास झालं नाही, पोटातली कळ मात्र काहींची कमी झाली. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये ‘घेऊन बघा’ म्हटलं, तेही हात राखून. माझंही मत तसंच. पेटका कमी झालाय, पण मीटिंगा चालू आहेत. आणि शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर पुदिना बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं, एवढं मी लिफ्टमध्येही सांगतो.

चाचाजी मात्र पेटून उठले. ‘इसकी शिकायत होनी चाहिए!’ मी म्हटलं, सोय आहे. देशभरातल्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचं कामही राजनगरच्या त्याच आयोगाकडे आहे आणि सामान्य माणसालाही फॉर्म भरता येतो. मी पेन घेऊन बसलो. चाचाजींनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला. औषध कसं घेतलं, मी विचारलं.

‘लिखो,’ ते म्हणाले, ‘चबाकर. पड़ोसी के घर. मुफ़्त में।’