बोटवाले अप्पा

अप्पा क्रूझला क्रूझ म्हणत नाहीत. 'बोट' म्हणतात. पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, कसिनो, काचेची लिफ्ट असं सगळं दाखवून झालं तरी त्यांचं म्हणणं एकच, "बोट बरी आहे रे, पण उगाच मोठी केलीय."

अप्पांचं बालपण भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीवर गेलं. म्हणजे दर उन्हाळी सुट्टीत एकदा जाताना आणि एकदा येताना. पण ऐकणाऱ्याला वाटावं, जन्मही तिथंच झाला. रोहिणी, कोकणसेवक, कोकणशक्ती ही नावं ते आत्यांची घ्यावीत तशी घेतात. बोट बंदराबाहेर थांबायची आणि माणसं पडावात उतरायची. एक पाय बोटीत, एक पडावात, मध्ये अरबी समुद्र. आणि डेकवर ज्याची वळकटी आधी पडेल त्याची जागा.

हा कायदा अप्पांनी अजून रद्द केलेला नाही. मुंबई-गोवा-मुंबई अशा सहलीला आम्ही बॅलार्ड पिअरला चढलो, तेव्हा बोट सुटायला दोन तास होते आणि तलावाकाठच्या ६ खुर्च्यांवर अप्पांचे ६ टॉवेल पडलेसुद्धा. आम्ही माणसं तीन.

"बाकी कोण येणार, अप्पा?"

"येतील कोणीतरी. आधी जागा तर धरू!"

आले की! दिवेलागणीपर्यंत नागपूरचं एक जोडपं आणि राजकोटचे एक शेठ अप्पांचे आश्रित झाले होते. प्रत्येकाला पहिला प्रश्न, "मूळ गाव कुठलं?" शेठ म्हणाले, राजकोट. "ते झालं हो. मूळ?" शेठ विचारात पडले.

याच प्रश्नाने धक्क्यावर मेतकूट वाचलं होतं. बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही, आणि यंत्रात पिशवीतली पिवळी पूड दिसल्यावर सुरक्षारक्षकाचा चेहरा फारच गंभीर झाला. अप्पांनी त्याचं गाव विचारलं. निघालं साताऱ्याकडचं. मग पुडी त्याच्या नाकाखाली धरली. त्याने हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाला, "जावा आजोबा."

सुटण्याआधी कवायत झाली. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की ठरल्या जागी जमायचं. अप्पा सगळ्यांच्या आधी हजर. तिथंही टॉवेल टाकला.

जेवणाचं काय सांगावं! पन्नासेक पदार्थ मांडलेले, जैनांचं वेगळं, आणि माशाच्या नावाखाली लिंबू-लोण्यात निजलेला एक पांढरा तुकडा. अप्पांनी त्याच्यावर मेतकूट भुरभुरलं, चाखलं आणि मान हलवली. मग वाढणाऱ्या पोराला गाव विचारलं. तो साष्टीचा. आजोबाही तारवटी, जहाजावरच नोकरी केलेले. दोघांत काय कुजबुज झाली कळलं नाही. पण दहा मिनिटांत झाकलेली एक ताटली आली. झाकण काढलं तर खलाशांच्या भटारखान्यातली बांगड्याची आमटी आणि उकड्या तांदळाचा भात! पैसे भरून आलेलं अख्खं टेबल ताटलीकडे बघत राहिलं. शेठसुद्धा.

रात्री जादूचा खेळ. अप्पा पहिल्या रांगेत बसले आणि पडदा उघडायच्या आत झोपले. टाळ्या झाल्या तसे दचकून उठले आणि जुन्या संगीत नाटकाच्या सवयीने ओरडले, "वन्स मोअर!" जादूगार भला माणूस. त्याने त्या बाईला पुन्हा कापली.

पहाटे तीनला माझ्या दारावर थापा. "ऊठ, विजयदुर्ग आला!" चपला शोधत वर गेलो. डाव्या अंगाला गुडुप अंधार आणि त्यात दूरवर एक लुकलुकता दिवा.

"अप्पा, ती मासेमारीची होडी आहे."

"हो, पण विजयदुर्गाचीच," अप्पा म्हणाले, आणि मफलर कानांवर घट्ट करून तिथंच उभे राहिले. मीही राहिलो. थंडी होती, पण खाली जावंसं वाटेना.

सकाळी बोट मुरगावला लागली. सगळे बसमध्ये बसायला धावले. अप्पा हलले नाहीत. "आमची बोट पणजीला लागायची. मुरगावला कोण उतरतंय?"

आम्ही संध्याकाळी काजूच्या पिशव्या घेऊन परतलो, तेव्हा ते तलावाकाठी एकटेच बसले होते. ६ पैकी ५ खुर्च्यांवर टॉवेल जागच्या जागी होते.