नानांच्या पायाचं श्रेय

"अहो मालूवहिनी, ऐकलंत का? नानांची जखम भरली!"

"घोट्याच्या वरची? काकू, ती तर नाना एसटीत कंडक्टर होते तेव्हापासूनची."

"तीच. आता गल्लीभर सांगत सुटलेत, होमिओपॅथीच्या हॅमामेलिस आणि सिलिशियाच्या गोळ्यांनी गुण आला म्हणून."

"आला असेल हो. त्या गोळ्यांचा अपाय तरी नसतो."

"व्हायला आत काही हवं ना! त्यांची सून नर्स आहे, ती सांगत होती. ३० नंबरची गोळी म्हणजे औषध शंभरपट पातळ करायचं, असं तीसदा. एकावर साठ शून्यं! मूळ औषधाचा कण सापडेल तर शपथ. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेनं होमिओपॅथीवरचे अभ्यास तपासले. एकाही आजारात भरवशाचा पुरावा निघाला नाही."

"मग जखम भरली कशी?"

"सुनेमुळे! जन्मभर उभ्यानं तिकिटं फाडली, पायातल्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या. रक्त वर चढेना, खालीच साकळलं. म्हणून कातडी काळवंडते, खाजते, आणि जरा खरचटलं की चिघळतं. सून बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधते, दुपारी पाय उशांवर चढवायला लावते, संध्याकाळी चालायला पिटाळते. पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं."

"पण नानांचं पथ्य कडक होतं हं. कांदा, लसूण, कॉफी, सगळं बंद."

"कसलं पथ्य! बाजारच्या दिवशी गाड्यावर कांदाभजी हाणताना मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. वर तोंडी लावायला कच्चा कांदा! तरी जखम भरलीच ना?"

"अगं बाई! नानींना सांगितलंत?"

"छे, मी कशाला लावालावी करू? तुम्हाला सांगितलं, आणि जोशीकाकूंना."

"काकू, आमच्या सासूबाईंचा घोटाही काळा पडलाय. संध्याकाळी सूज असते. त्याही गोळ्याच घेतात."

"मग सर्जनला दाखवा. घरच्या घरी पट्टी आवळू नका मात्र! पायाला रक्त पोचवणारी धमनीच अरुंद असेल तर पाय गमवायची वेळ येते. आधी दंडाचा आणि घोट्याचा दाब मोजून ताडून बघतात. शिराही लेझरनं बंद करतात म्हणे. इंग्लंडात ४५० रुग्णांवर अभ्यास झाला, २०१८ साली त्याचा निकाल आला. पट्ट्या सगळ्यांनाच होत्या, पण ज्यांच्या शिरेवर लवकर उपचार झाले त्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, ज्यांचं लांबलं त्यांना ८२ दिवस लागले."

"पण सासूबाई गोळ्या सोडायच्या नाहीत."

"राहू देत की! गोळ्यांच्या भरवशावर डॉक्टर टाळू नका, एवढंच. नानांची किती वर्षं त्यातच गेली. कधी नेताय?"

"शनिवारी बघते."

"मग मीही येते. माझ्याही पोटरीवर निळ्या शिरांचा गुंता झालाय. रिक्षाचे पैसे निम्मे-निम्मे."