फेडररची रॅकेट आणि गाय

रॉजर फेडरर 2014पासून 97 चौरस इंच डोक्याची विल्सन रॅकेट घेऊन खेळू लागला. त्याआधी कित्येक वर्षं तो 90 इंचांवरच अडून होता, आणि मधल्या सात इंचांवर जाणकारांनी भरपूर शाई आटवली. तारांशिवाय या रॅकेटचं वजन 340 ग्रॅम. हेच मॉडेल दुकानातही मिळे, त्यामुळे रविवारी क्लबात उतरणाऱ्या हौशी खेळाडूला फेडररची रॅकेट विकत घेता येई. खांदा मात्र स्वतःचाच वापरावा लागे.

तारा दोन जातींच्या. आडव्या पॉलिएस्टरच्या, चेंडूला लगाम घालणाऱ्या. उभ्या गाईच्या आतड्याच्या आवरणापासून केलेल्या. ही तात लवचिक, ताण टिकवणारी, हाताला सौम्य आणि खिशाला अजिबात नाही. 2003 साली विम्बल्डन जिंकून आलेल्या फेडररला स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडच्या स्पर्धेत ज्युलिएट नावाची गाय भेट मिळाली. या भेटीतल्या औचित्याचा विचार रॅकेटच्या अंगाने कुणी केल्याचं ऐकिवात नाही. 2013मध्ये तिथेच त्याला दुसरी गाय देण्यात आली.

तारा एकमेकींना कापू नयेत म्हणून त्यांच्या छेदांवर प्लॅस्टिकचे इवलेसे तुकडे आणि गळ्यापाशी तारांखाली चामड्याची चिंधी. सामन्यात नवे चेंडू आधी सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर येतात. त्यांच्या जोडीला फेडरर बॅगेतून ताजी विणलेली रॅकेट काढी. जुनीची तार तुटलेली नसे. हौशी खेळाडू तार तुटायची वाट पाहतो, कारण पराभवाचा खुलासा त्याशिवाय पुरा होत नाही.