जास्वंदीत घुसलेली सायकल

आमच्या तारेच्या कुंपणाला जिथं पोक आलंय, तिथं हल्ली काकू रोज सकाळी येऊन उभ्या राहतात. पूर्वी गप्पा फाटकाशी व्हायच्या. पण इथली तार कमरेएवढी खाली वाकलीय, कोपर टेकायला बरी पडते. जास्वंदीच्या दोन फांद्या मोडल्या त्या मात्र माझ्या.

"फुटतेय की गं जास्वंद!" काकू म्हणाल्या.

"फुटेल हो. काका काय करतायत?"

"काय करणार? सायकल उलटी करून चाक फिरवत बसलेत. घरात नवरा कमी नि पाना-पक्कड जास्त दिसते."

कोथरूडच्या आमच्या गल्लीत काकांच्या सायकलीचा विषय निघाला की निदान अर्धा तास जातो. मी धुण्याची बादली खाली ठेवली.

"मुळात ती घडीची सायकल घेतली कशाला, तर डिकीत टाकून पानशेतला न्यायची नि पाण्याच्या कडेनं हिंडायचं. नेली एकदा. पहिल्याच चढाला ह्यांना धाप लागली आणि मोटर बसवायची टूम निघाली. आता मोटर, बॅटरी धरून बाराची सतरा किलो झालीय. घडी होते, पण उचलायला मला हाक मारतात. माझी कंबर काय डिकीतून आलीय?"

"मोटर तयार चाकात मिळते ना?"

"मिळते, पण ह्यांना मिळाली ती २६ इंची चाकात. आपली सायकल २० इंची. मग नुसती मोटर काढली, रिम वेगळी आणली, आणि तिला ३६ आरे. केवढे आरे? वीतभरसुद्धा नाहीत गं! त्या मापाचे कुठे मिळेनात. शेवटी सायकलवाल्यानं लांब आरे कापून, आटे पाडून दिले. मोटर ही एवढी डब्यासारखी, भोवती रिम लहान. मोठ्या चाकात आरे एकमेकांवरून कैचीसारखे नेतात ना, तसे ह्यांनी नेले. ते रिममध्ये सरळ जायचे सोडून तिरके घुसले. पहिल्या आठवड्यात तीन तुटले. फाटकातून आत शिरताना टण्ण! मी बाहेर येऊन बघतेय, मांजरानं भांडं पाडलं की काय. मग परत सगळे काढले आणि जवळजवळ सरळ लावले."

"आणि दुपारची ती खरखर?"

"ती कानस. तुझी झोपमोड झाली असेल, मला ठाऊक आहे, पण तू बोलली नाहीस."

मी खरंच बोलले नव्हते. कुंपण तेव्हा सरळ होतं.

"मोटरचा आस खाचेत बसेना, म्हणून खाच घासत होते. पुढच्या चाकात बसवणार होते आधी. मोटरला १०० मिलिमीटर जागा लागते आणि पुढचा फोर्क ७४ चा. हे म्हणाले, ताणून रुंद करू. सायकलवाल्यानं हातच जोडले. म्हणाला, काका, अ‍ॅल्युमिनियम आहे, आज ताणाल, उद्या रस्त्यात तोंडावर पडाल. मग मागं बसवली. वर ती टॉर्क आर्म."

"ती काय असते?"

"ताक घुसळताना मडकं पायात धरायला लागतं की नाही? नाहीतर रवीबरोबर मडकंच फिरतं. तसा मोटर जोर लावते तेव्हा तो आस उलटा फिरायला बघतो. खाचेतून निसटला तर वायरी पिळवटून तुटतात. म्हणून पोलादी पट्टीनं तो सायकलीला बांधून ठेवायचा." काकूंनी सांगितलं आणि स्वतःच हसल्या. "जेवताना दुसरं काही बोलत नाहीत गं. परवा आमटी वाढतेय तर म्हणे, १९६२ साली इंग्लंडात मोल्टन नावाच्या माणसानं लहान चाकांची सायकल काढली, मिनी मोटारीचे रबरी स्प्रिंग त्याचेच. चाक लहान की खड्डा जास्त जाणवतो, म्हणून त्यानं सायकललाही स्प्रिंग दिले. मी म्हटलं, त्याला पौड रोडवर आणा, मग बघू."

बॅटरीवरून मात्र त्यांच्या घरी खरं भांडण झालं होतं. भिंतीपलीकडून मला अर्धं ऐकू आलं होतं. काकांना ४० सेल आणून, दहा-दहाची रांग करून, ३६ व्होल्टची बॅटरी घरीच जोडायची होती. काकूंनी ठणकावलं, देवघर आणि गॅस असलेल्या घरात नाही. मग तयार आली. ती चार्ज होते तेव्हा काकू दूध तापत ठेवल्यासारख्या पडवीत बसून राहतात. "वीज म्हणशील तर एका वेळी अर्धं युनिटसुद्धा नाही. लक्ष ठेवायला मात्र मी पाच-पाच तास."

आता माझ्या जास्वंदीचं. तेव्हा मी दोरीवर चादर टाकत होते. काका सायकलीवर बसले नव्हते, नुसते हँडल धरून ती बाहेर काढत होते. उजवा अंगठा नेमका थ्रॉटलवर पडला. सायकल एकदम पुढे सुटली, काका सीट धरून मागे, एक चप्पल वाटेत, आणि तोंडानं "अगं थांब, थांब!" काकूंना वाटलं त्यांनाच म्हणतायत, त्या स्वयंपाकघरातून "काय झालं?" विचारत राहिल्या. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारी वायर जोडायची राहिली होती. सायकल कुंपणात शिरली आणि चाक तारेत अडकून घूं घूं करत राहिलं. काका बॅटरीची किल्ली शोधत होते. ती त्यांच्याच खिशात होती.

"पण पळते कशी आता?"

"१९ च्या वर जाईना, म्हणून आठ दिवस तोंड पाडून बसले होते. ५०० वॅटची घ्यायला हवी होती म्हणे. मुलानं फोनवर दम दिला, बाबा, २५० वॅट आणि ताशी २५ च्या आत आहे तोवर ती सायकल. पुढे गेलात की नंबरप्लेट नि लायसन्स. आणि १९ का, तर मोटर मिनिटाला फिरते दोनशे वेळा. मोठं चाक एका फेरीत दोन मीटर जातं, आपलं दीड. पोरानं आपल्या दोन पावलांना तीन टाकावी तसं."

"म्हणजे लहान चाकाचा तोटाच."

"थांब ना. पहाटे चांदणी चौकाच्या चढाला नेली. भरली बादली हात लांब करून धर, जड लागते. अंगाशी धर, हलकी. लहान चाकात मोटर रस्त्याच्या तशी जवळ असते, ढकलते जोरात. हे म्हणाले, पायडल नावाला मारत वर गेलो. येताना वायर घडीच्या बिजागरीत चेमटली आणि उतारावर बंद पडली, तो भाग वेगळा."

काकू क्षणभर थांबल्या. नजर माझ्या खांद्यावरून मागं, जिन्याखाली गेली.

"तुझ्या लेकाची लहानपणची सायकल असेल ना गं अजून? हे विचारत होते, सोळा इंची आहे का वीस?"

"भंगारवाल्याला दिली," मी म्हटलं.

जिन्याखालच्या पोत्यातून तिचं लाल हँडल बाहेर आलेलं होतं. काकू तिकडेच बघत होत्या.

"सोळाच दिसतेय," त्या म्हणाल्या.